पाठीवरचं गोंदण

तान त्वान एंग या पेनांगमध्ये जन्मलेल्या लेखकाची ‘द गार्डन ऑफ इव्हनिंग मिस्ट्स’ ही कादंबरी २०१२ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होती. तिची नायिका युन लिंग हिला बहिणीच्या नावाने बाग करायची आहे, कारण बहिणीला कुठे पुरलं हेच तिला माहीत नाही.

बहीण युन हाँग दुसऱ्या महायुद्धाआधी जपानमधल्या क्योटोला जाऊन आलेली, तिथल्या बागांनी वेडावलेली. पुढे जपान्यांनी मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) घेतला आणि दोघी जंगलातल्या एका गुप्त छावणीत डांबल्या गेल्या. थोरलीवर सैनिकांनी रोज अत्याचार केले, धाकटी खाणीत राबली. जगायचं कशावर? तर दोघींनी मिळून मनातल्या मनात रचलेल्या एका जपानी बागेवर. जीव घेणारे जपानी आणि जीव तगवणारी बागही जपानी. युन लिंगच्या दुःखाचा पीळ इथे आहे. बहिणीचं प्रेम जपायचं तर जपानचा निखळ द्वेष करता येत नाही, आणि द्वेष सोडावा तर बहिणीशी बेइमानी.

छावणीतून ती एकटी सुटली, दोन बोटं गमावून. १९५१ साली ती कॅमेरॉन हायलँड्सच्या चहाच्या मळ्यांत आरितोमोला भेटायला जाते. हा एकेकाळचा जपानी सम्राटाचा माळी. तो बाग करून द्यायला साफ नकार देतो, मात्र पावसाळा लागेपर्यंत हाताखाली राहून शीक, म्हणतो. तेव्हा मलायात आणीबाणी होती. आपल्या १९७५ च्या आणीबाणीशी तिचा काही संबंध नाही. कम्युनिस्ट गनिमांशी ब्रिटिशांचं ते चक्क युद्ध होतं, १९४८ ते १९६० असं बारा वर्षं चाललेलं.

मला थबकवतं ते तिचं तिथलं काम. दगड उचलायचे, माती खणायची, जपानी माणसाचा हुकूम ऐकायचा. छावणीतही हेच होतं. फरक एवढाच की आता तिला केव्हाही निघून जाता येतं, आणि ती जात नाही. दुःखावर बागकाम हा उतारा आहे, असं गोड बोलणारी पुस्तकं पुष्कळ मिळतात. हे त्यातलं नाही. इथे जखमेवरच घाम गाळावा लागतो. दूरचा डोंगर आपल्या बागेतलाच वाटावा अशी मांडणी आरितोमो तिला शिकवतो, तेव्हा जे आपलं नाही त्यालाही चौकटीत जागा द्यायला ती शिकत असते. त्यातूनच दोघांचं प्रेम जमतं. त्याला क्षमा म्हणावं असं मला वाटत नाही. क्षमा मागितली जात नाही, दिलीही जात नाही.

मग तो तिच्या पाठीवर गोंदण काढतो, अनेक महिने खपून. (कादंबरी वाचायची असेल त्यांनी पुढचा मजकूर सोडावा.) एक दिवस तो जंगलात फिरायला जातो आणि परततच नाही. दुसरं दुःखही पहिल्यासारखंच, प्रेत नसलेलं. पुढे संशय येतो की ते गोंदण म्हणजे त्या छावणीकडे आणि तिथल्या सोन्याकडे नेणारा नकाशा असावा. जपान्यांनी लुटून लपवलेल्या सोन्याचा हा धागा काहींना रहस्यकथेकडे झुकलेला वाटेल, थोडा मलाही वाटला. पण जी जागा ती आयुष्यभर धुंडाळत होती, तिची खूण स्वतःच्याच अंगावर, आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या बाजूला, ही कल्पना सोन्याहून मोलाची आहे.

अनेक वर्षांनी न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन ती त्या बागेत परतते, तेव्हा भाषाच पुसून टाकणाऱ्या आजाराने तिला गाठलेलं असतं. वाचता-लिहिता येतंय तोवर सगळं कागदावर उतरवायची घाई असते. आरितोमो हेर होता का, छावणीचं त्याला आधीपासून ठाऊक होतं का, सगळे पुरावे ती वकिली शिस्तीने मांडत जाते. इतरांच्या खटल्यांत इतकी वर्षं निकाल देणारी ही बाई या एका प्रकरणात निकाल लिहीत नाही.