निरोप्याचे इमान

परवा माझा भाचा दिवाळीसाठी घरी आला. संगणकावरील मजकूर साठवण्याच्या यंत्रणेचे काम तो करतो. फराळ करता करता मी सहज विचारले, "काय रे, तुमच्या डिस्कला दिलेले जसेच्या तसे परत मिळते, हे कशावरून?"

"मामा, कधी कधी मिळत नाही!" तो हसून म्हणाला.

मजकूर प्रोग्रॅमकडून डिस्कपर्यंत अनेक हातांतून जातो. वाटेत एखादे अक्षर पालटते, किंवा मजकूर शाबूत राहून भलत्याच जागी जाऊन बसतो. डिस्क बिचारी मिळाले ते इमानाने जपते. कुणीच खोटे बोलत नाही, तरी खोटे घडते! म्हणून 512 बाइटांच्या प्रत्येक तुकड्याला 8 बाइटांची शेपटी जोडण्याची एक रीत आहे. 2 बाइटांत मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, 2 बाइटांत पाठवणाऱ्याची नोंद, उरलेल्या 4 बाइटांत बहुधा जागेचा क्रमांक. लिनक्समध्ये 2008 साली याची सोय झाली. खूण जुळली नाही, तर वाटेतला टप्पा माल नाकारतो. गुपचूप दुरुस्त करीत नाही.

"पण खूण उगमापाशीच करावी. वाटेत केली, तर बिघडलेल्यावरच शिक्का बसतो," भाचा म्हणाला.

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. शेवटच्या दुखण्यात आत्याने मला सांगितले होते, "दादाला म्हणावं, मी विसरलेले नाही. तरी भाऊबीजेला ये." मी वडिलांना एवढेच सांगितले, "आत्याने भाऊबीजेला बोलावले आहे." वडील आनंदाने गेले, ओवाळून घेऊन आले. ज्या एका शब्दाची ती वाट पाहत होती, तो त्यांना सुचलाच नाही. पुढे ते सर्वांना सांगत, "तिने मनात काही ठेवले नाही हो!" मी ऐकत असे.

यंत्राची खूण मजकूर बदललेला नाही एवढेच सांगते; तो खरा आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. माणसाला मन असते. कटू शब्द गाळावासा त्याला वाटणारच. तो गाळणे हे पाप नसेलही. पण गाळून वर मूळ माणसाचाच शिक्का मारणे, हे मात्र खचित पाप. "यातले थोडे मी वगळले आहे," इतके सांगायला मला कितीसा वेळ लागला असता?

आज दोघेही नाहीत. निरोप अजून माझ्यापाशीच आहे.