पाण्यात उतरणारा सूर

बसा.

भिंतीला पाठ टेकून बसा, नाहीतर मांडी घालून. जसं जमेल तसं.

भोकरमधली संध्याकाळ आहे. दिवसभर तापलेला स्लॅब आता कुठे निवायला लागला आहे. मुदखेडकडून आलेली गाडी आदिलाबादच्या दिशेनं निघून गेली आहे. तिची धडधड अजून कानात आहे.

ती विरू द्या.

श्वास आत घ्या. घाई नाही. श्वास सोडा.

आता एक बादली पाण्यानं भरून समोर ठेवा. पातेल्याचं एक पातळसं झाकण आणा, मूठ असलेलं. आणि एक चमचा.

मुठीला धरून झाकण अधांतरी उचला. कडेवर चमचा मारा. एकदाच.

ऐका.

आधी खणखणीत. मग बारीक. मग आणखी बारीक. सूर कुठवर ऐकू येतो ते बघा. संपला असं वाटलं तरी थोडं थांबा.

आता पुन्हा मारा. या वेळी झाकण वाजत असतानाच तिरपं करा आणि हळूहळू पाण्यात उतरवा.

सूर खाली येतो.

तुटत नाही. घसरत, लांबत खाली येतो आणि पाण्यात मावळतो.

पाणी धातूला बिलगतं. थरथरायचं तर धातूला आता पाणीही सोबत हलवावं लागतं. कंप मंदावतो, म्हणून सूर उतरतो. वाजतं झाकण चटकन वर काढलं, तर सूरही वर चढतो.

पुन्हा करा. जितक्या वेळा करावंसं वाटेल तितक्या वेळा.

या उतरत्या सुरापाशी थांबा. आज आपल्याला इथेच थांबायचं आहे.

*

डोळे मिटा.

एक रंगमंच हळूहळू उजळू द्या. मागे काळोख. मध्यभागी, जमिनीलगत बसलेला एक वादक.

त्रिलोक गुर्टू.

त्यांना ड्रम वाजवायला स्टूल लागत नाही. खाली बसूनच ते वाजवतात. एका हाताशी तबला-डग्गा, दुसऱ्या हाताशी पाश्चात्त्य ड्रम, डोक्याच्या उंचीवर झांजांसारख्या धातूच्या चकत्या. त्यांना सिंबल म्हणतात.

आणि शेजारी पाण्यानं भरलेली एक बादली.

तिच्याकडे बघा.

एवढ्या वाद्यांच्या पसाऱ्यात ती साधी बादली. आत्ता तुमच्यासमोर आहे तशीच.

ते सिंबल वाजवतात. वाजती सिंबल पाण्यात उतरवतात. कधी शिंपल्यांच्या माळा त्या पाण्यात बुडवतात, वर काढतात. आवाज चमकतो, थरथरतो, विरघळतो.

तो विरघळताना ऐका.

श्वास घ्या. सोडा.

*

तुम्ही त्यांना पूर्वी एकदा ऐकलं असेल. मुंबईत, पुण्यात, आणखी कुठे. नाहीतर रात्री कानाला हेडफोन लावून. आज पुन्हा ऐकायला बसला आहात, असं समजा.

पहिल्यांदा ऐकताना काय होतं, ते आठवा.

डोळे हातांच्या मागे धावतात. हा बोल कुठून आला? तो ठोका कशावर पडला? माणूस एक, आणि हात किती? टाळ्या वाजतात, आपणही वाजवतो. घरी येतो ते थक्क होऊन.

ते थक्क होणं खरं असतं. त्याला तिथेच राहू द्या.

आज डोळ्यांना विश्रांती द्या.

आज ठोक्याच्या मागे जाऊ नका. ठोका पडून गेल्यावर मागे जे उरतं, त्याच्याजवळ बसा. दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐका. पाण्यात उतरणारा सूर तळाशी टेकेपर्यंत त्याच्यासोबत खाली जा.

पहिल्या वेळी ही जागा होतीच. आपल्याला तिथे थांबायला उसंत नव्हती.

*

उजवा तळहात मांडीवर ठेवा.

तीनताल मोजू या. मनातल्या मनात. सोळा मात्रा.

पहिल्या मात्रेवर टाळी. पाचवीवर टाळी. नववीवर खाली, हात नुसता बाजूला वळवा, आवाज नको. तेरावीवर पुन्हा टाळी.

आणि मग पुन्हा पहिली. सम.

सावकाश मोजा. एक आवर्तन. आणखी एक.

नवव्या मात्रेवर लक्ष द्या. तिथून पुढे डग्ग्याचा घुमारा थांबतो. ताल मोकळा होतो, हलका होतो. त्या मोकळ्या जागेतूनच समेची ओढ सुरू होते.

सम येते. तुम्ही ती ओळखता. तरीही ती मघाची नसते. मधल्या पंधरा मात्रा तुम्ही जगून आलेले असता.

आवडत्या वादकाला पुन्हा ऐकणं हे असं आहे. आपण त्याच जागी येतो, पण मधला सगळा काळ सोबत घेऊन येतो. केस पिकलेले असतात. कुणी घरातून गेलेलं असतं, कुणी नवं आलेलं असतं. वादकही वाढत्या वयासोबत रंगमंचावर बसलेला असतो.

आवर्तन पूर्ण होऊ द्या.

हात मांडीवर तसाच असू द्या. श्वास घ्या.

*

आता एका घरात डोकावू या. हळूच.

मुंबई. १९५१ साली जन्मलेला एक मुलगा. त्याची आई गाते. शोभा गुर्टू. बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं त्या. मुलगा लहानपणापासून तबला शिकतो, आणि घरात ठुमरी असते.

ठुमरीत एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा उडी मारत नाही. तो ओघळत जातो.

ते ओघळणं ऐका.

डग्ग्यावरही तेच. बोट आघात करतं, मनगट कातड्यावर दाबून पुढे सरकतं आणि सूर वळतो.

धातूच्या चकतीचा सूर असा वळत नाही. तिला मनगट दाबून काही होत नाही. तिला पाणी लागतं.

म्हणून ती बादली.

हाच मुलगा पुढे पाश्चात्त्य संगीत ऐकू लागतो. स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात, हे त्याला ठाऊक नाही. त्याला वाटतं, हे सगळं एकच माणूस वाजवतो. म्हणून तो ते सगळं वाजवायला शिकतो.

१९८८ साली त्रिलोक गुर्टूंचा ‘उसफ्रेट’ हा अल्बम येतो. त्यात आईचा आवाज आहे. डॉन चेरींचा ट्रम्पेट आहे. मुलाचे ड्रम आहेत. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन गिटारवर, काय एकहार्ट बासवर, आणि जमिनीलगत त्रिलोक गुर्टू. तिघंच. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं.

कधीतरी ते शांतपणे ऐका. दुसरं काही काम हाती न घेता.

*

आता पुन्हा आपल्या मातीत या.

पोळ्याचा दिवस आहे. बैल सजलेत. श्रावणातली हवा दमट आहे आणि हलगीचं कातडं सैल पडलं आहे. वाजवणारा रस्त्याच्या कडेला काडीकचरा पेटवतो. हलगी धगीवर धरतो. फिरवतो. बोटानं टिचकी मारून कानाशी नेतो.

अजून नाही.

पुन्हा धग. पुन्हा टिचकी.

ती टिचकी ऐका. सूर थोडा चढला आहे. कातडं ताणलं जातं आहे.

आता.

तो पहिला ठोका मारतो आणि अंगावर काटा येतो.

इथे आगीनं सूर चढतो. तिथे पाण्यानं उतरतो. दोन्ही ठिकाणी वाजवण्याआधी आणि वाजवल्यानंतर, वाजवणारा ऐकत असतो.

तो जसं ऐकतो, तसं ऐकून बघा.

*

पुन्हा बादलीकडे या.

पाणी स्थिर झालं असेल. झाकण उचला. चमचा एकदाच मारा. हळूहळू उतरवा.

सूर जातो आहे.

त्याला धरू नका. त्याच्यासोबत राहा.

गेला.

आता उरलेली शांतता ऐका. पंखा असेल, कुठे कुत्रं भुंकत असेल, शेजारी भाकरी थापल्याचा आवाज असेल. सगळं येऊ द्या.

श्वास घ्या. सोडा.

*

डोळे उघडा. एवढंच सांगायचं आहे.

१५ डिसेंबर २०२४ रोजी तबलावादक झाकीर हुसेन गेले. ‘तबला बीट सायन्स’ या वादकसमूहात ते आणि त्रिलोक गुर्टू दोघेही होते. ‘एकदा ऐकलंय, परत कधीतरी ऐकू’ असं म्हणत राहिलेले लोक गावोगावी आहेत. त्यांच्याकडे आता ध्वनिमुद्रणं आहेत. ती अनमोल आहेत. पण समोर बसलेला माणूस हात उचलतो आणि ठोका पडायच्या आधी सगळं सभागृह श्वास रोखतं, ती शांतता ध्वनिमुद्रणात येत नाही.

म्हणून, ज्या वादकानं तुम्हाला एकदा हलवून सोडलं, त्याच्या कार्यक्रमाची तारीख कळली तर तिकीट काढा. भोकरहून मुंबई-पुणे लांब आहे, रात्रभराचा प्रवास आहे, तरी जा. ‘एकदा ऐकलंय’ हे न जाण्याचं कारण होऊ देऊ नका. ऐकलंय, म्हणूनच जा.

आणि तोवर, गावात हलगी वाजेल तेव्हा फोन खिशात ठेवा, दोन पावलं जवळ जा आणि शेवटच्या ठोक्यापर्यंत उभे राहा.