शेजाऱ्याचा आनंद

लंडनच्या उत्तरेला, आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर ल्यूटन नावाचे गाव आहे. डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिथे फुटबॉलचा सामना पाहायला गेलो. खरे सांगायचे तर फुटबॉलमधले आम्हाला फारसे कळत नाही. भाचा तिकडे नोकरीला आहे, तिकिटे त्यानेच काढली होती. "मामू, इंग्लंड बघायचंय ना? मग राजवाडा राहू द्या, हे बघा," असे त्याचे म्हणणे पडले.

स्टेशनातून मैदानाकडे जाताना बरी पार्क हा मोहल्ला लागतो. हलाल मटणाची दुकाने, मिठाई, सलवार-कमीजचे कापड, फळीवर मांडलेली भेंडी आणि कारली. मशीद जवळच आहे. साठच्या दशकापासून मीरपूर-काश्मीरकडचे आणि पंजाबातले लोक, मागाहून सिल्हेटकडचे, इथल्या कारखान्यांत कामाला आले आणि इथलेच झाले. या मोहल्ल्यातून त्या दुपारी नारिंगी पट्टे गळ्यात घातलेले हजारो लोक चालले होते. कारलीवाला आपल्या गिऱ्हाइकाला कारली देत होता. गर्दी त्याच्याकडे पाहत नव्हती, तोही गर्दीकडे पाहत नव्हता. भांडण नव्हते, पण ओळखही दिसली नाही.

मैदान मात्र कुठे दिसेना. आपल्याकडे मैदान म्हटले की चारी बाजूंनी मोकळी जागा. इथे बैठ्या चाळीसारखी एकाला एक चिकटलेली विटांची घरे आणि त्यांच्या डोक्यावर एकदम पत्र्याचे छप्पर नि दिव्यांचे उंच खांब. केनिलवर्थ रोड हे या मैदानाचे नाव. क्लब १८८५ चा, मैदान १९०५ पासूनचे. गाव पूर्वी टोप्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होते, म्हणून संघाला अजून 'हॅटर्स' म्हणतात. पाहुण्या संघाचे प्रेक्षक आत जातात ते ओक रोडवरून. तिथले दार रांगेतल्या घरांमध्येच आहे. वर कुणाची तरी खोली, खाली फाटक. आत गेले की लोखंडी जिना, आणि तो चक्क लोकांच्या परसांवरून जातो. कुणाचे वाळत घातलेले कपडे, कुणाची मोडकी सायकल पाहत पाहुणे आपल्या खुर्चीवर पोचतात. आम्ही हौसेने त्याच दाराकडे वळलो, तर भाच्याने हात धरला. "मामू, इथून नाही. हे पाहुण्यांचं दार. आपण घरचे."

त्याच गल्लीत एक वृद्ध गृहस्थ दारात उभे होते. स्वेटर, डोक्यावर लोकरी टोपी. सलाम-दुआ झाली. चाचा मीरपूरकडचे, पन्नासेक वर्षे याच घरात, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही विचारले, "सामना बघायला जाता का?" ते हसले. "एकदाही नाही. पण निकाल मला घरबसल्या कळतो. आवाज लांबून आला तर आमच्या गावाने गोल केला. परसातून आला तर पाहुण्यांनी."

ही गोष्ट आम्ही अजून विसरलेलो नाही. पन्नास वर्षांच्या या शेजाऱ्याच्या घरात गावाचा आनंद लांबून येतो, आणि परक्या गावाचा थेट न्हाणीघराच्या मागे उसळतो.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. उपाशी शेजाऱ्याचे उदाहरण लहानपणापासून सर्वांना पाठ असते. शेजारी आजारी पडला, त्याच्या घरी मौत झाली, तर काय करायचे हे कुणाला विचारावे लागत नाही. पण शेजारी आनंदात असेल तर? आणि तो आनंद आपला नसेल, आपल्याला कळतही नसेल, शिवाय आपल्याच दारावरून आरडाओरडा करीत जात असेल तर त्याचे आपण काय देणे लागतो? दुःखात मदत करणारा देणारा असतो, त्याचा हात वर असतो. दुसऱ्याच्या आनंदासमोर मात्र आपल्याजवळ देण्यासारखे काही नसते. आपण नुसते बाहेरचे असतो. म्हणूनच ते जड जाते, असे आम्हाला वाटते.

आनंद त्रासदायक झाला तर प्रश्न सोपा होतो, असे कुणी म्हणेल. ल्यूटनचा इतिहास तसे सांगत नाही. १३ मार्च १९८५ रोजी मिलवॉल संघाबरोबरच्या सामन्यात इथे मोठा दंगा झाला. खुर्च्या उपटून फेकल्या गेल्या, लोक मैदानात घुसले, आसपासच्या घरादारांचेही नुकसान झाले. त्यानंतर क्लबने १९८६ पासून चार मोसम पाहुण्या प्रेक्षकांना बंदीच घातली. या हट्टापायी एका वर्षी त्यांना लीग कपमधून बाहेर काढले गेले. तरी १९८८ मध्ये हाच कप त्यांनी आर्सेनलला ३-२ असे हरवून जिंकला. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे यश पाहुण्यांना दार बंद असतानाच्या काळातले आहे. नीतीचा निकाल गुणफलकावर लागत नाही, एवढेच यातून कळते.

चाचांना त्या दंग्याबद्दल विचारले. "त्या रात्री आम्ही दाराला पलंग लावून बसलो होतो. मुलं लहान होती." आणि बंदीची वर्षे? "झोप चांगली लागायची," ते म्हणाले. आम्ही मनात मेहमाननवाजीवर एक छोटे भाषण तयार केले होते. ते तिथेच गिळले. दुसऱ्याने मन मोठे करावे असे सांगताना पलंग कुणाच्या दाराला लागणार हे आधी पाहिले पाहिजे.

आणखी एक आठवण सांगायलाच हवी. २००९ च्या मार्चमध्ये याच गावात परतलेल्या सैनिकांच्या संचलनासमोर मूठभर मुसलमान तरुणांनी शिवराळ घोषणा दिल्या. त्याच वर्षी याच गावातून इंग्लिश डिफेन्स लीग ही मुसलमानांविरुद्धची संघटना निघाली, आणि तिच्या सुरुवातीच्या माणसांत फुटबॉलच्या दंगेखोर टोळ्यांतले बरेच होते. म्हणजे त्या नारिंगी गर्दीकडे न पाहणाऱ्या दुकानदाराला न पाहण्याची कारणे होती. गर्दीतल्या कित्येकांना त्या टोळ्यांची तेवढीच किळस होती, हे त्याला दुकानातून दिसण्यासारखे नव्हते.

सामन्याचे वर्णन करण्याची आमची पात्रता नाही. लाकडी खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात. शेजारचे आजोबा रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होते आणि मधूनच आम्हाला पेपरमिंटच्या गोळ्या देत होते. १९९२ मध्ये संघ वरच्या वर्गातून खाली आला, २००९ मध्ये थेट पाचव्या वर्गात घसरला, २०२३ मध्ये पुन्हा प्रीमियर लीगमध्ये चढला आणि वर्षभरात परत खाली उतरला. या सगळ्या काळात आजोबांची खुर्ची तीच. "मग तुम्ही जिंकण्यासाठी येत नाही?" आम्ही विचारले. प्रश्न त्यांना समजलाच नाही असे दिसले.

डिसेंबरात तिकडे चारच्या आत सूर्य मावळतो. मगरीब नेमकी मध्यंतरात आली. भाच्याने जिन्याखाली कोपरा शोधून जॅकेट अंथरले. आम्हीही उभे राहिलो. चहाचे पेले घेतलेली माणसे वळसा घालून जात होती. एकजण काहीतरी बोलला, दोघे हसले. नंतर आम्ही अर्थ विचारला. भाचा म्हणाला, "काही नाही, मामू." चांगले होते की वाईट, आजतागायत सांगितलेले नाही.

खुर्चीवर परतलो तेव्हा आम्हाला कोकणातले आमचे गाव आठवत होते. विसर्जनाची मिरवणूक आमच्या घरावरून जाते. आजोबांच्या काळी ओट्यावर पाण्याचा माठ आणि गुळाचे खडे ठेवत. मिरवणूक थांबे, पाणी पिई, ताशेवाला दोन टोले जास्त देई. १९९२-९३ नंतरच्या एका वर्षी माठ बाहेर आला नाही. कुणी मनाई केली नव्हती, कुणी शिवी दिली नव्हती. वडील म्हणाले, यंदा राहू दे. पुढल्या वर्षी कुणी विचारलेच नाही. आता त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो, टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो. मिरवणूकही आमच्या दारापाशी वेग वाढवते. दोन्हीकडून इतकी काळजी, की एकमेकांना पाहायची पाळीच येऊ नये.

चाचांनी खिडकी लावलेली नाही, हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ते आत जात नाहीत. जावे असेही आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या उत्सवात सामील होण्याची सक्ती हा जुलूमच, मग तो कितीही गोड शब्दांत केलेला असो. पण पन्नास वर्षे कान देऊन बसलेला माणूस त्या आनंदाला परका राहत नाही. कुठला आवाज कुणाचा, हे त्याला ठाऊक आहे. यापेक्षा जास्त मागावे का, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. कमी मागू नये, असे मात्र वाटते. क्लबचे नवे मैदान पॉवर कोर्ट नावाच्या जागी व्हायचे आहे. ते झाले की ओक रोडवर शनिवारी शांतता नांदेल. चाचांना ती आवडेल का, हे विचारायचे राहून गेले.

सामना संपल्यावर पोलिसांनी पाहुण्यांना आधी काढले. आम्ही अर्धा तास थांबून ओक रोडवरून परतलो. गल्लीत कागदी पेले आणि चिप्सचे पुडे पडले होते. चाचा झाडू घेऊन दारासमोरचे तेवढे बाजूला करीत होते. आम्हाला पाहून थांबले.

"दोन-एक. हरलात ना?"

भाचा म्हणाला, "हरलो, चाचा."

"शेवटचा गोल परसातून आला," ते म्हणाले, "भिंत हलली." आणि पुन्हा झाडू लागले.