पिंपातलं पाणी

मुंबईतल्या अँटॉप हिलच्या दाटीच्या वस्त्यांत नळाला पाणी येतं ते ठरावीक वेळेपुरतं. म्हणून दाराशी पिंपं भरलेली. पावसाळ्यात महापालिकेचा कामगार येतो, झाकण उचलून टॉर्च मारतो. डासांच्या अळ्या दिसल्या की म्हणतो, "ताई, हे ओतावं लागेल." ताईंच्या डोळ्यांपुढे मुलांची आंघोळ, संध्याकाळचा स्वयंपाक. पुढच्या खेपेला पिंप मोरीत, कपड्यांआड जातं. घरात ताप शिरू नये, हे तर दोघांनाही हवं असतं!

डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही काही महिने तग धरतात. म्हणजे नुसतं ओतलं तर पाणी गेलं आणि अंडी राहिली. कडा घासायला हव्यात, तेही दर आठवड्याला. पण शेकडो दारं फिरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची उसंत आपण देतो का?

हा पेच जुनाच आहे. 1911 साली मुंबईतल्या हिवतापाची तपासणी करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी, डासांची पैदास थांबावी म्हणून शहरातल्या विहिरी झाकायला सांगितलं. पाण्यावर सूर्यकिरण पडावेत अशी श्रद्धा असणाऱ्यांना तो धर्मावरचा घाला वाटला. बेंटलींना चिंता होती ती या श्रद्धाळूंच्याच लेकरांची.

म्हणून वाटतं, नळ यायच्या तासभर आधी, पिंप तळाला गेलेलं असताना कामगारदादा यावेत. तेव्हा ताईच घासणी घेऊन पुढे होतील.