शेंदूर आणि काँक्रीट

बेळगावात एका जुन्या व्यापारी संकुलात माझा गाळा आहे. मी पाट्या रंगवतो, मूळचा निपाणीचा. इमारत उघड्या काँक्रीटची, गिलावा कधी झालाच नाही. मधला बोळ भर दुपारी अंधारा. पावसाळ्यात भिंतींवर काळे ओघळ येतात. बायका तर या बोळात पाऊलच टाकत नसत.

यंदा आम्ही गाळेवाल्यांनी वर्गणी काढली. मी ऑइलपेंटचा हिशेब मांडला, तर ओळखीचा एक तरुण आर्किटेक्ट म्हणाला, "काका, हिला रंग फासू नका. हाच तिचा खरा चेहरा." या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. 'बेताँ ब्रूत' म्हणजे कच्चं काँक्रीट, त्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव रूढ झालं. आहे ते झाकायचं नाही, हा तिचा धर्म.

मग मी जन्मभर काय केलं? रंग म्हणजे खोटेपणा का? त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात जाऊन बसलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये ती बांधली. वर छताला दगडाचं कमळ, आत नेमिनाथ. दिगंबर मूर्तीला वस्त्र नाही, दागिना नाही. तिला असतो तो अभिषेक. परतताना गल्लीतला मारुती लागला. शेंदराच्या थरांखाली त्याचं नाकसुद्धा हरवलंय, तरी शनिवारी तेलाला रांग असते. एक दगड उघडा, एक माखलेला, आणि दोघांनाही माणसाचा हात लागतो. आमच्या भिंतीला इतक्या वर्षांत कुणाचा हात लागला होता?

रंग रूप गिळतो, हेही खरं. वणीच्या सप्तशृंगीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर 2022 साली उतरवला, तेव्हा आतलं कोरीव रूप लोकांना दिसलं. आणि उलटंही घडतं. लंडनचं ब्रन्सविक सेंटर, वर घरं आणि खाली दुकानं, 1972 मध्ये पुरं झालं. पॅट्रिक हॉजकिन्सन या वास्तुकाराला ते फिकट पिवळसर रंगवायचं होतं. रंगाचे पैसे वाचवले गेले, इमारत करडी राहिली, कळकट होत गेली. 2006 च्या नूतनीकरणात तो रंग एकदाचा लागला आणि दुकानं पुन्हा गजबजली. तिथलं उघडेपण हे सत्य नव्हतं, अपुरं राहिलेलं काम होतं.

आम्ही आधी भिंती धुतल्या. चार दिवस, काथ्याच्या ब्रशने. शेवाळ निघालं तशी सेंट्रिंगच्या फळ्यांची नक्षी वर आली. माझ्या गाळ्याशेजारी तर फळीतली गाठ, तिच्याभोवतीच्या रेषांसकट, काँक्रीटमध्ये जशीच्या तशी उमटलेली. त्यावर ब्रश फिरवायला माझा हात धजेना. भिंती तशाच ठेवल्या. ऑइलपेंट रद्द केला. ओल आत कोंडली की त्याचे पापुद्रे सुटतात. फक्त छताला चुना दिला, चौकटींना हळदी पिवळा आणि शेंदरी. डोळ्यांवर येणाऱ्या ट्यूबलाइट काढून दिवे छताकडे वळवले, म्हणजे उजेड चुन्यावरून खाली झिरपतो.

मारुतीच्या देवळाला आमच्या बोळातून जवळचा रस्ता आहे. आता शनिवारी तेलाची वाटी घेतलेल्या बायका तिथूनच जातात.