माहेरची विश्रांती कोणाच्या खर्चाने?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १७.

योगाच्या अध्यायात भगवंत इथे अगदी घरगुती गोष्ट सांगतात. खाणं बेताचं हवं, हिंडणं-फिरणं बेताचं हवं, काम बेताचं हवं, झोपणं आणि जागणंसुद्धा बेताचं हवं. हे ज्याला जमलं त्याचा योग दुःख दूर करणारा होतो. आधीच्या सोळाव्या श्लोकात याची दुसरी बाजू आलेली आहे. फार झोपणाऱ्यालाही योग साधत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही.

'सतत जागणारा' इथे मी दरवेळी अडखळते. पुण्यातली नोकरी, दोन लेकरं, सकाळचे डबे, रात्री सगळे झोपल्यावर उघडलेला लॅपटॉप. तुमच्यापैकी अनेकींचं आणि अनेकांचं असंच चालू असणार. म्हणून मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढली, लेकरांना घेतलं, गंगाखेडला रेल्वेतून उतरले आणि तिथून बसने पालमला माहेरी गेले. मनाशी एकच ठरवलं होतं. यंदा फक्त झोपायचं.

आणि झोपले की! मे महिन्यात परभणीकडे पारा ४२-४३ पर्यंत जातो. दुपारी कूलरसमोर चटई, रात्री गच्चीवर गाद्या. उठावं तर गरम भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी तयार. लेकरं अण्णांच्या मागे शेतात. तीन दिवस मी पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने भरून घेतला नाही. मनात म्हणत होते, हाच तो बेत, गीतेतला. वर्षभराचं जागरण आता फिटतंय.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला तहान लागली म्हणून खाली आले. स्वयंपाकघरात दिवा होता. आई जमिनीवर बसलेली, पाय लांब सोडलेला, गुडघ्याला तेल चोळत होती. शेजारी परातीत धपाट्यांचं पीठ मळून ठेवलेलं. मला बघून तिने पटकन पाय मुडपला आणि म्हणाली, "उठलीस कशाला गं? झोप की अजून."

मी वर येऊन आडवी झाले, पण झोप काही आली नाही. माझी तीन दिवसांची झोप कोणाच्या जागरणातून आली होती ते मी आत्ताच बघून आले होते. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिचं स्वतःचं माहेर मामा गेल्यापासून बंदच झाल्यासारखं. मग प्रश्न पडला, आणि तोच आज तुमच्यासमोर ठेवतेय: एकाची विश्रांती जर दुसऱ्याच्या दमण्यावर उभी असेल, तर तिला 'युक्त' म्हणायचं का? श्लोकातला 'बेत' फक्त माझ्या एकटीच्या शरीराचा हिशेब आहे, की घरातल्या सगळ्यांचा मिळून?

पाचव्या दिवशी मी त्याचं उत्तर माझ्या पद्धतीने दिलं. पदर खोचला आणि आईला सांगितलं, "आज तू ओसरीवर बसायचं. हलायचं नाही." नऊ वाजेपर्यंत स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळं उरकलं. पुण्यात जसं उरकते तसंच. अपराधीपणा जरा उतरला. पण आई ओसरीवर पाहुण्यासारखी बसलेली. अण्णांनी दोनदा विचारलं, बरं नाही का? जेवतानाही गप्प. शेवटी म्हणाली, "तू आलीस म्हणून मला उठायला हुरूप येतोय. तू बी माझ्या हातचं काम काढून घेतलंस, तर मी दिवसभर काय करू? भिंतीकडं बघत बसू?"

मला वाटलं होतं मी तिची सेवा केली. खरं तर मी माझ्या मनावरचं ओझं उतरवलं होतं आणि तेही तिला न विचारता.

त्याच दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने शेतातली तूर काढली. तेलपाणी लावून, उन्हात वाळवून ठेवलेली. आता सगळे गिरणीतूनच डाळ करून आणतात, पण आमच्या घरी थोडी तरी जात्यावर भरडतात. तिने जातं मांडलं आणि मला हाक मारली, "ये, धर खुंटा."

मी समोर बसले. एका खुंट्यावर दोघींचे हात. पहिल्यांदा मी जोर लावून पटापट ओढायला लागले, तर म्हणाली, "हळू. डाळीचा चुरा होतोय." मग तिच्या चालीने ओढलं. अर्धा घेर तिचा, अर्धा घेर माझा. तिचा दुखरा पाय लांब सोडलेला, दुसरा मुडपलेला. तासभर भरडलं. दंड दुखले, पण इतकं शांत मला तीन दिवस झोपूनही वाटलं नव्हतं. मी तसं तिला म्हटलं. ती सुपात डाळ पाखडत म्हणाली, "काम जड नसतंय, माय. एकटीनं ओढायला जड जातंय."

परतताना गाडीला वेळ होता म्हणून गंगाखेडला जनाबाईंच्या देवळात थांबलो. गोदावरीकाठचं हे गाव, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. जनाबाई मूळच्या इथल्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर त्या घरातलं दळण, कांडण, पाणी भरणं करत राहिल्या. स्वतःला त्या नामदेवांची दासीच म्हणवतात. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो, शेण्या वेचतो.

हे लहानपणापासून ऐकलंय, पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने लक्षात आली. देवाला काय अशक्य होतं? पीठ आपोआप झालं असतं, जनाबाई झोपल्या असत्या. पण त्याने जातं नाहीसं केलं नाही, तो जात्याजवळ येऊन बसला. संतांनी पंढरपूरला माहेर म्हटलं, तेही असंच. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या परभणी-गंगाखेडवरूनच पंढरपूरला जाते. महिनाभर पायपीट करून, पायाला फोड आलेला वारकरी माहेरी पोचतो आणि म्हणतो, विसावा मिळाला. अंग तर दमलेलं असतं. विसावा मिळतो तो कोणीतरी सोबत असल्याचा.

याचा अर्थ झोप नको असा नाही. शरीराला झोप हवीच, श्लोकच सांगतो. आणि 'आईला कामातच आनंद असतो' असं म्हणून हात झटकायचीही ही पळवाट नाही. तिचा गुडघा खरोखर दुखतो. म्हणून तिला पलंगावर बसवून मोकळं व्हायचं नाही आणि तिच्या जिवावर लोळायचंही नाही. समोर बसायचं, तिच्या चालीने. (निघायच्या दिवशी अण्णांनी स्वतःचा चहा स्वतः केला. साखर जास्त झाली, पण केला.)

इथेच हे चिंतन संपवता आलं असतं. पण देवळात उभी असताना मला आमच्या पुण्याच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आठवल्या. एप्रिलमध्ये त्यांनी माहेरी जायला दहा दिवस मागितले होते. मी तोंड वाकडं केलं होतं. "पाच दिवसांत नाही का भागणार, मावशी?" त्या पाचव्या दिवशी परत आल्या, आणि मी मात्र त्यानंतर महिन्याभरात आठ दिवस माहेरी झोपून आले. परक्या घरात राबणाऱ्या एका बाईचे अभंग मी रोज म्हणते, आणि माझ्या घरात राबणाऱ्या बाईचे दिवस मोजते.

गाडीतूनच त्यांना फोन लावला. म्हटलं, राहिलेले पाच दिवस जाऊन या, पगार कापणार नाही, घरचं आम्ही दोघं बघू. त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "आता पोरांच्या शाळा सुरू होतील, ताई. दिवाळीत बघू." हुकलेले दिवस फोन करून परत येत नाहीत. दिवाळीच्या पानावर मी ते लिहून ठेवलंय, म्हणजे तेव्हा मला 'सोयीचं नाही' म्हणता येणार नाही.

आजचा छोटा संकल्प: आपण आज जी विश्रांती घेऊ, तिच्यासाठी कोण जागं आहे ते एकदा बघायचं. आणि जमलं तर त्यांच्या समोर जाऊन बसायचं, खुंट्याला हात लावून.

राम कृष्ण हरी.