ज्याने काठी उचलली नाही

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा २० मार्च १९२७ च्या त्या ओंजळीपाशी थांबतो. डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्यायले, त्यांच्यामागून आलेली माणसं प्यायली. मला त्यानंतरच्या घडामोडी जास्त छळतात. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली आणि परिषदेला आलेल्या, परतीच्या तयारीत असलेल्या माणसांवर काठ्या चालल्या. मग गावाने तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र.

काठ्या चालवणाऱ्यांबद्दल प्रश्नच नाही. मारहाण हा गुन्हा, त्याला कलम लागतं. माझ्या डोक्यातून जात नाही तो त्या दिवशी घरात बसून राहिलेला माणूस. इतिहासात त्याचं नाव नाही, पण असा एखादा महाडात असणारच. भला गृहस्थ. त्याने काठी उचलली नाही, घागर वाहिली नाही. ‘मारामारी व्हायला नको होती’ असंही तो ओसरीवर बसून म्हणाला असेल. फक्त त्या लोकांच्या हातांनी पाणी बाटलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. वाटण्यापलीकडे त्याने काही म्हणजे काही केलं नाही. मग त्याचं काही चुकलं का?

पटकन ‘नाही’ म्हणावंसं वाटतं. श्रद्धा काही कुणी बाजारात जाऊन निवडून आणत नाही. ‘शिवू नकोस, आंघोळ झालीय माझी’ हे आजीचं बोलणं कानावर पडत पडत त्याचा पिंड घडलेला. शिवाय मनात काय आहे यावरून माणसाला धरायचं ठरवलं, तर कोण सुटेल? आपली राज्यघटनाही इथे सावध आहे. अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो, आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचं सांगून तिच्या आचरणाला मनाई करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीतही कृत्यांचीच जंत्री आहे. भूत मानणाऱ्याला तो हात लावत नाही, भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणाऱ्याला लावतो. हे योग्यच झालं. मनाचा पंचनामा करण्याचा अधिकार सरकारला दिला, तर पहिली धाड कुणाच्या घरावर पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

पण कायदा जिथे थांबतो तिथेच नीतीनेही थांबलं पाहिजे, असं कुणी सांगितलंय?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणित्याने १८७७ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, त्यातून परदेशी निघालेली कुटुंबं जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते, पण डागडुजीला खर्च फार. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या वादळांतून आलंय, याही वेळी येईल, वर देव आहे. हळूहळू त्याची खरोखरच तशी श्रद्धा बसते. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेऊन गप्प राहतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक असली तरी तो त्या माणसांच्या मृत्यूला जबाबदार आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तसूभर कमी झाला नसता, कारण हाताशी असलेल्या पुराव्यावर तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता. (क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण पाहायच्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. तेव्हा हे उदाहरण त्याने नुसतं टेबलाशी बसून रचलं असेल असं वाटत नाही.)

आमच्या महाडच्या गृहस्थाने क्लिफर्डच्या मालकासारखी स्वतःची समजूत घातली नव्हती. त्याला ती वारशात मिळाली होती. इथवर मी त्याच्या बाजूने आहे. पण पुढे पाहा. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत, मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी भरत, त्याने ते बाटत नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, आणि त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळं खुलंही केलं होतं. म्हणजे विचार करायला त्याला तीन वर्षं मिळाली. मग तो दिवस उजाडला, माणसं पाणी पिऊन गेली, आणि तळ्याला काहीही झालं नाही. समजूत खरी की खोटी, हे याहून स्पष्ट कसं दिसायचं? त्याच्या डोळ्यांसमोर ती कोसळायला हवी होती. १०८ घागरींनी तिला टेकू दिला. आणि विधी आटोपल्याचं कानावर आलं तेव्हा घरात बसलेल्या त्या माणसाला हायसं वाटलं. माझ्या लेखी त्याचा गुन्हा त्या हायसं वाटण्यात आहे. समजूत मोडली असती तर तो जिथे बसला होता ती उंच ओसरी गेली असती. ती गमवायची नाही म्हणून त्याने दिसलेलं न दिसल्यासारखं केलं. हातांनी काही केलं नाही हे खरं, पण मनाने केलं, आणि तेही जाणूनबुजून.

जहाजाबद्दल खोटं मानणं आणि माणसाबद्दल खोटं मानणं, यात आणखी एक फरक आहे. आपण काय मानतो याचं जहाजाला सुखदुःख नसतं. माणसाचा स्पर्श हीन ठरवला की त्याच्या गैरहजेरीत, त्याला बोलायची संधी न देता निकाल देऊन झालेला असतो. मग तो निकाल ओठांवर आला नाही तरी कुठून तरी फुटतोच.

शहरातल्या एका नीटनेटक्या स्वयंपाकघरात मी तो फुटलेला पाहिला आहे. भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा कप सिंकच्या वर, खिडकीच्या गजांशी उपडा ठेवलेला असे. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, दांडीला लाल दोरा बांधलेला, चुकून दुसऱ्या कपांत मिसळू नये म्हणून. चहा मात्र सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात व्हायचा, आलं ठेचून. घरच्या वहिनी स्वभावाने प्रेमळ. ताईंच्या मुलीच्या शाळेची फी त्या भरत, दिवाळीला नवी साडी देत. दोऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, तसलं काही नाही हं, स्वच्छतेसाठी.’ घरातलं प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी, देवाचं ताम्हनसुद्धा ज्या हातांनी घासलं जायचं, त्या हातांपासून जपलेली ही स्वच्छता. विटाळ म्हणायची सोय उरली नाही, तर समजुतीने नवं लुगडं नेसलं. टेकू तोच.

तर मग खोटी समजूत बाळगणारा प्रत्येकजण दुष्ट का? तसं म्हणायला गेलो की गांधीजी आडवे येतात. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला, मुंगेर आणि मुझफ्फरपूरमध्ये घरंच्या घरं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. टागोरांना हे सहन झालं नाही. सृष्टीतल्या उत्पाताची कारणं सृष्टीतच असतात, त्याला नीतीचा हिशेब चिकटवू नका, असा त्यांचा आक्षेप. तो बिनतोड होता. ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही मेलेच होते, तान्ही मुलं मेली होती. त्यांच्यावर कसल्या पापाचा आळ घ्यायचा? गांधीजींची ही समजूत खोटी होती, आणि मेलेल्यांच्या बाबतीत निष्ठुरही होती, असं मला वाटतं.

तरीही महाडच्या त्या गृहस्थाच्या शेजारी मी त्यांना बसवू शकत नाही. टागोरांचा आक्षेप त्यांनी आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला आणि शेजारी आपलं उत्तर दिलं. मत सोडलं नाही, पण ते कुणीही येऊन ठोकून पाहावं असं चव्हाट्यावर ठेवलं. त्या समजुतीतून त्यांना कुठली ओसरी राखायची नव्हती. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनी उभं केलं होतं ते आपल्याच सवर्ण समाजाला, स्वतःसकट. आणि त्या समाजाने याचं चीज कसं केलं, तेही नोंदलेलं आहे. त्याच वर्षी २५ जूनला, हरिजन दौऱ्यावर असताना, पुण्यात त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब फेकला गेला. ते बचावले, त्या मोटारीतली माणसं जखमी झाली.